वर येण्याआधी

माझे यजमान पोलिसात हवालदार आहेत. ड्युटीवरून आले की ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, "आवाज खाली येऊ दे जरा."

मागे मिरवणुकीच्या बंदोबस्तावरून थकून आले होते. मुलीच्या हातून दूध सांडलं आणि ते चौकीतल्या आवाजात ओरडले. पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात वर करून. ते पाहून त्यांचा चेहराच उतरला. तेव्हापासून हे बसणं सुरू झालं.

काल मुलीने कठड्यावरून वाकून खाली त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आई, बाबा अजून पोलीसच आहेत का गं?"

त्यांनी ऐकलं असावं; मान आणखी खाली गेली. मी हाक मारायला हवी होती. पण ते वर येईपर्यंत घर मोकळं वाटतं, आणि ते मोकळेपण मला हवंसं वाटतं, याचीच लाज वाटते.