गव्हाची वहिनी

जवळ ये जरा, कान धरायचाय तुझा. ‘मावशी बोरिवलीला फिरकत नाही, आईला विसरली,’ असं सांगत फिरतेस होय गं? विसरले नाही. मला माझ्या धाकट्या दिरांनी सुरक्षित करून ठेवलंय. त्यांच्याइतका काळजी घेणारा माणूस अख्ख्या मुलुंडात नाही, आणि इतका तापदायकही.

भाऊजी जन्मभर कारखान्यात चाचण्या घेत आले. रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. घरात नवा कुकर आला की पहिली शिट्टी होईपर्यंत आम्ही सगळे जिन्यात. त्यात मला व्हीलचेअर आली. मी सहज म्हटलं, "भाऊजी, खुर्चीसकट चढता येतं अशी गाडी मिळते म्हणे. ताईला भेटून येऊ."

"आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला तर? ही घरात फिरायची खुर्ची आहे वहिनी, गाडीतली सीट नव्हे."

झालं! खुर्ची गेली खाली पार्किंगमध्ये. माझं वजन विचारलं. मी थोडं कमी सांगितलं. "वहिनी, अपघातापुढे लाजून चालत नाही." मग तेवढ्या वजनाचं गव्हाचं पोतं माझ्या जुन्या साडीत गुंडाळून खुर्चीत बसवलं, खुर्ची भाजीवाल्याच्या टेम्पोत चढवली, आणि आवारात टेम्पो पळवून दाबला ब्रेक. खुर्चीची चाकं टेम्पोला अशी घट्ट आवळलेली की जागची हलली नाहीत. वरची खुर्ची मात्र पालथी. दुसऱ्यांदा खुर्ची चार पट्ट्यांनी टेम्पोच्या तळाला बांधली. ती राहिली, मी उडाले. म्हणजे गहू. तळमजल्यावरच्या शहाबेन खिडकीतून किंचाळल्या, "अरे भाई, भाभीला कुठे पाठवता?"

"बोरिवलीला!"

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मी माझीच दशा बघत होते. "पुरे हो भाऊजी! ताई वाट बघतेय."

"दादा तुम्हाला माझ्या भरवशावर सोडून गेलाय," एवढंच म्हणाले, आणि नवे पट्टे आणायला गेले.

मग खुर्चीला जाड नळ्या आल्या, लोखंडी कड्या आल्या, डोक्यामागे आधार आला. माणसाला बांधायचा पट्टा थेट गाडीच्या सांगाड्याला. गेल्या महिन्यात एकदाचा गहू जागचा हलला नाही. भाऊजींनी पेढे वाटले. मी नवी साडी नेसून, पर्स घेऊन तयार. आणि खुर्ची मला न्यायला वर येताना लिफ्टच्या दारातच अडकली! टेम्पोचं माप घेतलं, माझं घेतलं, लिफ्टचं राहिलं.

"मला साध्या खुर्चीत बसवून खाली न्या ना."

"तिची चाचणी झालेली नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी खालून कानशीचा आवाज येतो. खुर्ची जरा जरा अरुंद होतेय. आवाज थांबला की मीच गॅलरीतून विचारते, "दमलात का हो?" लगेच सुरू. पण कानस सावकाश चालते गं, आणि तुझ्या आईचं वय झालं, माझंही. तेव्हा या रविवारी तूच तिला घेऊन ये. आणि मागच्या सीटवर बसली तरी पट्टा लाव हं तिला. भाऊजी गेटवरच उभे असतील.