मधल्या मापाचे शब्द

देवस्थळी बाईंना कुणी "खूप" म्हटलेलं खपत नसे. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या आमच्या इमारतीत त्या नव्याने राहायला आल्या, तेव्हा लिफ्टमध्ये मी सहज म्हटलं, "आज खूप गरम आहे ना?" हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती?" मी गांगरलेच. दुबईत जूनमध्ये असं कुणी विचारतं का! "खूप म्हणजे मोजायचा कंटाळा," असं म्हणून त्या आपल्या मजल्यावर उतरून गेल्या. बाई जरा विक्षिप्त दिसते, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

त्या मूळच्या पुण्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि संध्याकाळी इमारतीतल्या मुलांना घेऊन बसायच्या. आमची इराही त्यांत होती. या मुलांचं इंग्रजी फाडफाड, पण त्यांच्या जगात सगळं एक तर "सुपर", नाहीतर "वर्स्ट". बाईंचा जीव मात्र मधल्या शब्दांवर. फेअरली, क्वाइट, रादर, समव्हॉट. "चहा फेअरली हॉट असेल तर निवांत प्या," त्या सांगायच्या. "रादर हॉट असेल तर तक्रार करा. चहा तोच, फक्त बोलणाऱ्याचं तोंड वाकडं झालंय."

"बाई, हू इव्हन सेज रादर?" इरा म्हणाली.

"ज्याला वाईट बातमी सभ्यपणे द्यायची असते तो."

एकदा त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि ओट्याकडे बोट दाखवून अडल्या. "ते दे ना गं... ते... चहाचं..." गाळणं हा शब्द त्यांना सापडेना. मी हसले. त्या हसल्या नाहीत, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग वर्गात पेन्सिल हा शब्द हरवला, पुढे इराचं नावही. मी मुळात भित्री. तरी त्यांच्याबरोबर स्कॅनला मीच गेले. त्यांचं इथे दुसरं होतं कोण?

सर्जन इंग्रज होता, बोलायला अगदी मऊ. मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ पडद्यावर दाखवून म्हणाला, "इट्स रादर लार्ज, आय अ‍ॅम अफ्रेड." अफ्रेड तो, आणि घाबरले मी! तरी बाहेर आल्यावर मी धीर द्यायला गेले. "बाई, रादर म्हणजे मधलंच ना?"

"अगं, त्याला ती गाठ आवडलेली नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन करायलाच हवं होतं. पण गाठ बोलण्याच्या जागेजवळ होती. "हर स्पीच मे बी समव्हॉट अफेक्टेड," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू बाई तिथे नव्हत्याच. बाईंनी त्याला अडवलं. "हाउ मच इज समव्हॉट, डॉक्टर?" "डिफिकल्ट टू से," एवढंच तो म्हणाला.

परतताना टॅक्सीवाल्या पठाणाने आरशात आमचे चेहरे बघितले. "इन्शाल्ला सब ठीक होगा, सिस्टर," तो म्हणाला. "हा बघ प्रामाणिक माणूस," बाई मला म्हणाल्या, "माप सांगतच नाही."

त्यानंतर त्या रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या आणि भांड्यांची नावं मोठ्याने घ्यायच्या. झारा, सांडशी, उलथनं, पातेलं. एखादं अडलं की टेबलाची कड घट्ट धरायच्या. "कुठली भाषा आधी जाईल गं? मराठी की इंग्रजी?" असं विचारायच्या. एकदा म्हणाल्या, "मेले तर प्रश्न मिटला. पण मुकी राहिले तर मी कोण?" त्यांची भीती मला असा विळखा घालून बसली की भाजी चिरताना मीही मनात नावं घोकू लागले.

ऑपरेशनच्या सकाळी पुण्याहून त्यांचे धाकटे भाऊ सुधीर आलेले होते. बाईंना आत नेताना मी न राहवून विचारलं, "भीती वाटतेय?"

"खूप," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मोजायचा प्रयत्नही केला नाही.

सर्जन बाहेर आला तेव्हा सुधीरभाऊ उठून उभे राहिले. "इट वेंट फेअरली वेल," तो म्हणाला आणि निघून गेला.

"म्हणजे काय हो?" सुधीरभाऊंनी मला विचारलं.

फेअरली चांगल्याला लावतात, एवढं मला आता येत होतं. मग नुसतं वेल का नाही म्हणाला? वेलला फेअरली लावलं की ते वाढतं की घटतं? ज्यांना विचारायचं त्या आत होत्या. त्या खुर्चीत बसून मी जेवढी घाबरले, तेवढी आयुष्यात कधी घाबरले नसेन.

बाई वाचल्या. चालतात, जेवतात, माणसं ओळखतात, बोललेलं सगळं त्यांना समजतं. बोलायचे शब्द मात्र गेले, दोन्ही भाषांतले. "हो" आणि "नाही" तेवढे राहिले. सुधीरभाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेले. सुट्टीच्या दिवशी मी फोन करते आणि ते तो स्पीकरवर ठेवतात. त्या दोन शब्दांत बसतील असेच प्रश्न विचारायला मी शिकले आहे. "जेवलात?" "हो." "डोकं दुखतंय?" "नाही."

गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, "बाई, अजून भीती वाटते?"

पलीकडून "हो." मग, "नाही."

"दमली असेल ताई, गोंधळतेय," सुधीरभाऊ म्हणाले. "ठेवतो मी फोन."

"हो," बाई एकेक शब्द सुटा करत, ठासून म्हणाल्या. "नाही. हो."

"थांबा, सुधीरभाऊ," मी म्हटलं, "त्या अगदी बरोबर बोलताहेत. मधलं माप सांगताहेत."