आवळीखालचा ठसका

दिवाळीच्या सुट्ट्या संपायच्या आत आमच्या सासरचं सगळं घर आवळी भोजनाला धरणाकाठी जातं. कारंजा गावापासून फार लांब नाही. आवळीची पाच-सहा झाडं, खाली सतरंज्या, दगडांच्या चुलीवर वांग्याच्या भाजीने भरलेला पितळी गंज आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेच्या गोळ्यांचे रोडगे. बघणारे म्हणतात, काय हौशी कुटुंब आहे! हौस आहेच. पण लग्न झाल्यापासून कणीक मी तिंबते आणि निखाऱ्यातले रोडगेही मीच उलटते, त्यामुळे हौस कोणाची आणि हात कोणाचे भाजतात ते मला ठाऊक आहे.

मला मूल नाही. हे मी सांगायची गरज नव्हती, सासूबाई सगळ्यांना सांगतातच. झाडाला सूत गुंडाळायची वेळ आली की त्या दरवर्षी म्हणायच्या, "इले मांगं राहू द्या." मी मागे राहायची. नंतर नंतर त्याचं काही वाटेनासं झालं, कारण धाकट्या जावेला मुलगा झाला आणि ती नोकरीवर रुजू झाली तसा तो दिवसभर माझ्या कडेवर आला. मला 'मोठी आई' म्हणायचा. माझ्याच हातचं जेवायचा, दुपारी माझ्याच कुशीत झोपायचा. त्या घरात तेवढं एक माझं होतं, आणि तेही कोणी काढून घेईल अशी धास्ती मला सदा असायची.

गेल्या वर्षी आवळीखाली मी त्याला तूप-गूळ लावून रोडगा भरवत होते. दोन घास खाल्ले आणि तो किंचाळून रडू लागला. पोटरी लाल होऊन सुजली होती, आणि तांबड्या मुंग्या तिथे पायाखाली होत्याच.

"मुंगी चावली त्याले," मी म्हटलं.

"मुंगी नाई, नजर हाय," सासूबाई म्हणाल्या. "कोनाच्या हातचं खाऊन राह्यला होता तो? मिरच्या आना." मग माझ्याकडे न पाहता, "तू जरा तिकडं जाऊन बस व."

मी उठून पलीकडे बसले. पोराला त्याच्या आईच्या मांडीवर देऊन सासूबाईंनी मीठ आणि भिवापुरी मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. याचा नियम सगळ्या बायांना पाठ असतो. जळत्या मिरचीचा ठसका लागला तर नजर नाही, लागला नाही तर नजर आहे. चार भिंतींच्या आत हे ठीक. इथे मोकळं रान आणि पाण्यावरून येणारा वारा. सगळा धूर त्यांच्यापासून उचलून त्यानं सरळ माझ्याकडे आणला. चुलीभोवती सगळे नाक पुढे करून बसले होते, एकालाही साधी शिंक आली नाही. इकडे मी खोकून खोकून आडवी झाले, डोळ्यांतून आणि नाकातून धारा.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या, "ज्याची होती त्याले बरोबर सापडली."

सगळ्यांनी माना हलवल्या. मिरची नव्हे, जणू पोलिसांचं कुत्रंच!

मी नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. वारा कुठून कुठे वाहतोय हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भाजीत रोडगा कुस्करत म्हणाला, "जाऊ दे ना. काई दिवस नको घेऊ त्याले." सासूपेक्षा मला त्याचाच राग आला. त्या निदान मनापासून तरी मानतात, हा नुसता भित्रा. तो राग अजून गेलेला नाही.

तेवढ्यात पोरगं रडणं विसरलं. आईच्या मांडीवरून उतरलं आणि "मोठी आई, मोठी आई" करत माझ्याकडे धावत निघालं. सगळे माझ्या हातांकडे पाहत होते. मी हात पदराखाली घेतले. मी धरेन या भरवशावर तो पळत आला, मी धरलं नाही, आणि तो माझ्या पायाशी तोंडावर आपटला. ओठातून रक्त आलं. माझा जीव तुटत होता, तरी मी हात बाहेर काढले नाहीत.

जाऊ धावत आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा बरं, पडलेलं लेकरू उचललं नाई इनं. पोटचं नसलं का माया कुठून येईन!"