जवसाचं तेल

रंग कालवायला घेतले की जवसाच्या तेलाचा वास सुटतो आणि मला आमच्या गावचं, दरेकसाचं स्टेशन आठवतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. चित्रकार व्हायचं म्हणून मी मुंबईला गेलो होतो. स्वतःची चित्रं स्वतःच काखेत मारून दारोदार विकायचो. धान निघाल्यावर बांधीत, त्याच भाताच्या खाचरात, जे थोडं जवस व्हायचं, त्याचं तेल आई मला खायला डबाभर द्यायची, आणि मी ते रंगात घालायचो. त्या वर्षी गावी आलो, गाडीतून उतरलो, तर स्टेशनवर घ्यायला आलेल्या आईने माझा सदरा हुंगला. "तेलाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली, "म्हणजे बरोबर जेवून राहिला तू. माह्या जीवाले घोर लागला होता." मी होकाराची मान हलवली. घरी तिने माझ्या भाजीला पळीभर तेलाची फोडणी दिली आणि स्वतःला दुसऱ्या गंजातली, नुसती पाण्यात शिजवलेली भाजी वाढून घेतली. काऊन, असं मी विचारलं नाही. निघताना तिने पुन्हा डबा भरून दिला, तोही मी घेतला. आता गिऱ्हाईकं विचारतात, तुमची जुनी चित्रं अशी पिवळी कशाने पडली. तेलाने, एवढंच मी सांगतो.