आधी विहिरी, मग बंदुका

विमानातून उडी मारून रणांगणात उतरलेल्या आणि जमिनीला पाय लागताच गावात विहिरी किती आहेत ते मोजायला निघालेल्या माणसांची कुणी शिरगणती केली, तर ती एकावरच थांबेल, आणि तो एक म्हणजे आमचे थोरले साडू. बत्तीस वर्षं तलाठी म्हणून भूम-परंड्याचे बांध तुडवून ते निवृत्त झाले. तलाठ्याला आमच्या भागात आप्पा म्हणतात, आणि निवृत्तीच्या वेळी दप्तर, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या सगळं जमा करून घेतात, फक्त हे नाव तेवढं माणसाकडंच राहतं. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधकामावर फुकट देखरेख करतात. आप्पांना जावयानं दिवाळीला नवा मोबाइल दिला आणि त्यात तो गोळीबाराचा ऑनलाइन खेळ आधीपासूनच होता. शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी उरेल तो जिंकला, असा तो सरळ मामला. नव्याण्णव लोकांना तिथं शत्रू दिसत होते, आप्पांना बिनमोजणीची जमीन दिसली.

या खेळात दर दोन-तीन महिन्यांनी नवा सीझन येतो. नवा नकाशा, नव्या बंदुका, नवे कपडे. तरणी पोरं बंदुका बघतात. आप्पांकडे मात्र त्या सकाळी सरकारी दौऱ्याची तयारी सुरू व्हायची. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, फोन शंभर टक्के भरलेला, टेबलावर फुलस्केपचे ताव आणि मध्ये कार्बन. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे जुने कोतवाल, तेही निवृत्त. नोकरीत असताना हे कोतवाल मोजणीची साखळी घेऊन आप्पांच्या दोन पावलं मागं चालायचे, आणि खेळातही ते दोन पावलंच मागं चालत. फरक एवढाच, की खेळात बंदूक फक्त त्यांनाच चालवता यायची. "आप्पा, तुमी मोजा. माणसांचं मी बघतो," असं म्हणून ते पालथे पडून नेम धरत, आणि आप्पा निर्धास्तपणे घराघरांत शिरून पाहणी करत. मग कागदावर उतरे: "आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की, सदर गावी घरे एकेचाळीस, पैकी चूल असलेले घर एकही नाही. संडास बारा, पाण्याची सोय शून्य. पाणंद रस्ता दगड टाकून अडवलेला. डोंगरावर बर्फ आणि पायथ्याला केळी, ही नोंद संशयास्पद."

आप्पांनी स्वतः आजवर एकही गोळी झाडलेली नाही. गोळ्या खाल्ल्या मात्र भरपूर. कुणीतरी मागून येऊन त्यांना लोळवलं की ते माईकवर तावातावानं ओरडत, "कोन हाय रे तो? शासकीय कामात अडथळा आणतो व्हय?" समोरचा बिचारा कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, त्याला काय कळणार! खेळात एक निळं वर्तुळ असतं, ते लहान लहान होत जातं आणि बाहेर राहील तो मरतो. या वर्तुळावर त्यांचा विशेष राग. "हे सरळ सरळ भूसंपादन हाय. नोटीस न्हाय, सुनावणी न्हाय, थेट कब्जा!" आमची मुलगी पुण्यात खेळ तपासायच्या कंपनीत आहे, हे कळल्यावर तर त्यांनी तिला फोन करून सगळ्या विहिरींना कठडे बांधायला सांगितलं होतं. "आप्पाकाका, तो खेळ आमच्या कंपनीचा नाही," ती म्हणाली. "खातं येगळं असंल. शासन एकच ना?" आप्पा म्हणाले.

भूमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी यष्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात या पंचनाम्याचं जाहीर वाचन होई. थट्टा करायला आलेली पोरं हळूहळू ऐकायला येऊ लागली. परंडा, सोनारीकडची पोरं बाजाराचं निमित्त काढून यायची, कारण नव्या सीझनचा पास घ्यावा की नाही हे आप्पांचा शेरा ऐकल्याशिवाय कुणी ठरवेना. शेरा पैसेवारीत असे. पिकाची काढतात तशीच; पन्नासच्या आत आली की दुष्काळ. "बंदुकीचा आवाज लई, उतारा कमी. कापडं झकपक, आत माणूस उपाशी. या सीझनची पैसेवारी बेचाळीस. दुष्काळ जाहीर." पोरं माना डोलवत चहा संपवायची. बेचाळीसच्या वर आप्पा कधी गेले नव्हते.

आता माझ्याकडे येतो, कारण त्याशिवाय आप्पा पुरते कळणार नाहीत. मी परंड्यात शिक्षक होतो. आमची एकुलती एक मुलगी पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. एका दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, की अभ्यास सोडला, खेळांतल्या चुका शोधायची नोकरी धरली. मी वर्गात बोलायची सवय असलेला माणूस, आवाज चढायला वेळ लागत नाही. "खेळणं हा आमच्या घराचा धंदा नाही. यापुढं तू काय करतेस ते मला सांगूही नकोस," असं मी म्हणालो. ती लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारी. तिनं चौदा महिने काहीही सांगितलं नाही. आईला रोज फोन यायचा, आणि मी खोलीत आलो की आमची ही फोन घेऊन मागच्या दारी जायची. तिथून "व्हय, जेवले. व्हय, गोळी घेतली," एवढं ऐकू यायचं. ती चौकशी माझीच चाललेली असे. फोन मागून घ्यायला हात पुढं करावासा वाटे आणि व्हायचा नाही.

अशात एका सकाळी आप्पा भूमच्या गाडीनं परंड्याला उतरले. बसायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, पंच कमी पडलाय. आमचा शिंपी लेकीकडं बार्शीला गेला. तुमी पायजे."

"आप्पा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"पंचाला कुटं काय कळावं लागतंय? डोळ्यानं बघायचं आन् सही ठोकायची."

त्यांचा एक नियम मला ठाऊक होता. पंच नात्यातले चालत नाहीत. नात्यातले पंच निघाले की पंचनामा गेलाच, आणि आप्पांचा एकही पंचनामा उभ्या नोकरीत रद्द झालेला नव्हता. पोरीच्या लग्नाचं जसं सांगावं तसं ते हे सांगत. म्हणून मी सुटकेचा मार्ग काढला. "मी तर तुमचा साडू."

"साडू हे नातं शासनदरबारी धरत न्हाईत," आप्पा म्हणाले आणि माझ्या फोनमध्ये खेळ घालून घेतला.

रविवारी सकाळी दहाला आमची चौघांची तुकडी उतरायची. आप्पा, कोतवाल, मी आणि एक पुण्याचा पंच. "चवथा गडी मुका हाय, पर कामाचा," एवढीच ओळख. तो कधीच बोलत नसे. मी भिंतीला तोंड लावून चालत राहिलो की तो पुढं येऊन वळून दाखवी, मग मी वळे. मला लागलं की पायाशी औषध टाकून जाई. मी उघड्यावर उभा राहिलो की माझ्यापुढं येऊन उभा राही. एकदा मी न राहवून माईकवर म्हणालो, "आप्पा, कुणाचा का असेना, पोरगा गुणाचा आहे हो. आईबापांनी वळण लावलंय." पलीकडं कोतवालांना खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना.

मग तो सीझन आला ज्यात बारव होती. खरीखुरी, दगडी, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली, आणि तळाशी हिरवं पाणी. तीन वर्षांत असली विहीर आप्पांनी खेळात पाहिली नव्हती. माईकवर नवा ताव काढल्याचा आवाज आला. "मास्तर, तुमी पायऱ्या मोजा. घाई करू नका." मी काठावर उभा राहून बोट दाखवत मोजू लागलो. अकरा, बारा. तेवढ्यात कानात चौदा महिने न ऐकलेला आवाज आला.

"बाबा, खाली बसा!"

मी बसलो. म्हणजे मी खरोखरच बसलो. परंड्याच्या आमच्या घरात, खुर्चीवरून उठून, फरशीवर, दाणकन. खेळातला मी मात्र तसाच विहिरीच्या काठावर ताठ उभा. बसायचं वेगळं बटण असतं, हे त्या क्षणी कुणाला आठवणार? पुढं एवढंच दिसलं, की तो मुका गडी धावत माझ्यापुढं आला आणि माझ्या वाट्याच्या गोळ्या खाऊन पायरीवर कोसळला.

"बाबा, लागलं का?" त्यानं विचारलं. तिनं विचारलं.

"गुडघा," मी म्हणालो. "फरशीवर आपटला."

कुणी हसलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "मला उठवता येतं, बाबा. माझ्याजवळ या. तो हाताचा छाप दिसतोय ना, तो दाबून धरा. सोडू नका."

मी दाबून धरला. दहा सेकंदांचं काम असतं ते. कोतवालांची बंदूक एकसारखी वाजत होती, निळं वर्तुळ सरकत येत होतं, आणि मी फरशीवर बसून अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरला होता. मला दिसेनासं झालं होतं, त्याला फोनचा दोष नव्हता. ती उठली. आणि त्याच क्षणी आप्पांचा आवाज आला, "पायऱ्या किती भरल्या?"

"एकवीस, आप्पाकाका," ती म्हणाली. तिनं माझ्या आधीच मोजून ठेवल्या होत्या.

एरवी पुण्याची सही टपालानं येई. या खेपेला आप्पांनी हट्ट धरला, की बारवेचं प्रकरण मोठं आहे, सह्या समक्षच झाल्या पाहिजेत. पुढच्या रविवारी ती रेल्वेनं कुर्डुवाडीला आणि तिथून यष्टीनं परंड्याला आली. मी स्टँडवर तासभर आधीच जाऊन उभा होतो. तिची बॅग मी घेतली, ती नको म्हणाली, मी सोडली नाही. रस्त्यात काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, "तुमच्या कंपनीत चुका सापडतात का रोज?" ती म्हणाली, "सापडतात की." आणि घर येईपर्यंत तिनं मला तिचं काम सांगितलं. मी मध्ये एकदाही बोललो नाही. तीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला हे किती जड जातं ते दुसऱ्या शिक्षकालाच कळेल.

घरी आप्पा ताव पसरून बसले होते. सगळा मजकूर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून तयार होता. फक्त "पंच क्रमांक दोन व तीन यांचे परस्परांशी नाते" या ओळीपुढं जागा कोरी होती. शिंपी होता तोवर तिथं ते डोळे झाकून 'काही नाही' लिहीत आलेले.

"हे तेवढं तुमी भरा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "म्या खोटं कधी लिहिलं न्हाय."

मी पेन घेतलं आणि 'बाप-लेक' लिहिलं. तिनं खाली सही केली, मग मी केली. आप्पांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "मग हा पंचनामा रद्द झाला म्हणायचा. चूक माझी. पंच निवडताना बघायला पायजे होतं." बत्तीस वर्षांत न झालेली चूक! आमच्या हिनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. आप्पांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते कपात पडलं, एवढंच त्यांचं लक्ष उडालेलं मला दिसलं.

त्या बाजारी हॉटेलात त्यांनी पंचनामा वाचला नाही. "रद्द झालाय," एवढंच सांगितलं. पोरांनी पैसेवारी तरी सांगा म्हणून गलका केला, तेव्हा म्हणाले, "एक्क्याण्णव." पोरं उडालीच. बंदुका तर त्या सीझनला अगदीच बेताच्या होत्या. "बंदुकांचं मी काय सांगत न्हाय," आप्पा म्हणाले. "हिरीला पाणी हाय."

साडूचे आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही. मानले तर ते चेष्टा समजतात. म्हणून जे तोंडावर बोलता आलं नाही ते इथं लिहून ठेवतो, की आप्पा, माझी लेक मला तुमच्यामुळं परत मिळाली, आणि त्यासाठी तुम्ही तुमची जन्माची कमाई मोडलीत.

पुढच्या सीझनला तो नकाशा काढून टाकला. ती बारव आता कुठंच नाही, फक्त आप्पांच्या दप्तरात आहे, सगळ्यात वर, एकवीस पायऱ्यांसकट. आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. फोनवरचं बारीक नीट दिसत नाही, म्हणून कोतवाल शेजारी बसून "डावीकडं लिंब, उजवीकडं पत्र्याचं घर" असं सांगतात आणि ते लिहून घेतात. गेल्या महिन्यात नवा सीझन आला तेव्हा मी फोन करून विचारलं, "आम्ही दोघं येऊ का पंच म्हणून?"

"तुमी न्हाय चालत," आप्पा म्हणाले. "नात्यातले हाव."

म्हणून रविवारी आम्ही बापलेक वेगळेच उतरतो. उतरल्यावर आधी विहीर शोधतो. बहुतेक नकाशांत ती नसतेच. मग तिथंच जरा वेळ उभे राहून इकडचं तिकडचं बोलत बसतो, तोवर कुणीतरी येऊन आम्हाला मारतं.