लाल दोऱ्याचा दात

“जुन्याच मापानं शिवा,” असं कुणी म्हटलं की मास्तर म्हणतात, “मग जुना माणूस घेऊन या.” आणि गळ्यातली टेप काढतात. माप एकदा घेऊन थांबत नाहीत, पुन्हा घेतात. पहिल्यांदा माप देताना माणूस पोट आत घेतो, असं त्यांचं म्हणणं.

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, मागच्या भिंतीला कापायचं टेबल. मधल्या दाराला पडदा आणि पडद्याआड मास्तरांच्या पत्नी, काकू, आणि त्यांची मुलगी, ताई. भिंतीवर घड्याळं दोन. एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. दूध तापत असलं तरी मास्तर एकदा आत जाऊन बघून येतात. काकू म्हणतात, “दूध पळून जाणार नाही. मी पळून जाईन एक दिवस.”

मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलो होतो. दुपारचा वेळ जात नव्हता, म्हणून तिथं जाऊन बसू लागलो. मास्तरांनी माझं नाव ‘पदवीधर’ ठेवलं. ते साठीचे, मी पंचविशीच्या आतला. आमची मैत्री कशी झाली ते मला नीट सांगता येत नाही. संशय घ्यावा असं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून असेल.

ताईनं लग्न ठरवलं ते दातांच्या डॉक्टरशी. दोन गल्ल्या सोडून, औषधांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना. काकूंना मुलगा पसंत होता. अडलं होतं मास्तरांशी.

“हसतो फार,” ते मला म्हणाले. “दात दाखवायचा धंदाच आहे त्याचा.”

मास्तर त्यांना ‘पक्कडवाले’ म्हणत. समोर अर्थातच डॉक्टर.

त्याच सुमाराला मास्तरांचा दात दुखायला लागला. वरचा डावा, सुळ्याच्या मागचा. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं. मग एका दुपारी त्यांनी मशीन थांबवलं.

“ठरलं. दात त्याच्याकडूनच काढून घेतो. कापड कापायला दिलं की कारागीर कळतो. नीट निघाला तर लग्नाला होकार. नाही तर नाही.”

“हे त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं तर नीटच काढेल. मग परीक्षा कसली?”

ताईला मात्र मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझं लग्न बाबांच्या तोंडात अडकलंय.”

दवाखान्यात जायच्या सकाळी मास्तर आरशासमोर उभे होते. तोंड उघडं आणि बोटांत लाल दोरा.

“हे काय करताय?”

“शेजारचा ओढला म्हणजे? खूण केलेली बरी.”

त्यांनी दुखऱ्या दाताला दोरा गुंडाळला आणि दुहेरी गाठ मारली. तोंडात, आरशात बघून, दुखत असताना. मला साक्षीला बरोबर घेतलं.

डॉक्टरनी तोंडात बघितलं आणि ते हसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग भुलेचं इंजेक्शन दिलं गेलं. गाल बधिर झाल्यावर डॉक्टरनी छोटी कात्री घेतली आणि तो लाल दोरा कापून टाकला.

“दोरा असला की पक्कड सरकते, काका.”

मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. दात लगेच निघाला. मला तरी काही चुकल्यासारखं दिसलं नाही.

“कापूस तासभर दाबून धरा. सारखा काढून बघू नका,” डॉक्टर म्हणाले. “चूळ नाही, थुंकणं नाही. विडी, सिगरेट, स्ट्रॉ, काहीही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तेच जखमेचं झाकण. ते निघालं तर फार दुखेल.”

मास्तरांनी हात पुढे केला. त्यांना दात हवा होता.

रस्त्यात त्यांनी कापूस दोनदा काढून बघितला. घरी आल्यावर काकूंनी आरसा उचलून कपाटात ठेवला. संध्याकाळी ताईनं वाटीत आइस्क्रीम दिलं. गार आणि मऊ खा, असं डॉक्टरनी सांगितलं होतं.

“दात काढणारा आइस्क्रीम खा म्हणतो,” मास्तर म्हणाले. “पुढच्या दाताची सोय.”

पहिले दोन दिवस बरे गेले. मास्तर लगेच कामाला बसले. मग दुखणं परत आलं आणि पहिल्यापेक्षा वाढलं. ठणका कानापर्यंत जायचा. तोंडाला वास येऊ लागला. त्यांनी बटणांच्या डब्यातून तो दात काढला आणि खिडकीशी धरला.

“याला कीड कुठाय?”

मी बाजूचं काळं भोक दाखवलं.

“आणि हा माझाच कशावरून? ट्रेमध्ये आणखी पडले असतील.”

“मास्तर, मी तिथं होतो.”

“तू इंजेक्शनच्या वेळी डोळे मिटले होतेस.”

ते खरं होतं. त्यांना इंजेक्शन टोचत असतानाही ते दिसलं होतं.

“चोर अजून आतच आहे,” ते म्हणाले. “भलताच गेला. दोरा का कापला, आता कळलं? पुरावा नको म्हणून.”

“परत दाखवून या.”

“म्हणजे आणखी एक काढेल.”

काकू विनवून थकल्या. ताईनं बोलणं सोडलं. मास्तरांचा गाल सुजला, जेवण सुटलं, तरी ते मशीनवर बसत. लग्नाचं त्यांनी एका वाक्यात मिटवलं. “ज्याला दात ओळखता येत नाही, त्याला माणूस काय ओळखता येणार.”

डॉक्टरनी मला रस्त्यात गाठलं. ते हसत नव्हते.

“काका विडी ओढतात का? खरं सांगा.”

“नाही.”

“चोरून?”

“चोरून काही करायला त्यांना वेळ कुठाय? ते दुसऱ्यांवर लक्ष ठेवण्यात असतात.”

डॉक्टरनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मास्तरांना विड्या आणून देतो. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, सासरे-जावई शोभतील.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले. हातात पँट. दोन बोटं आखूड करायची होती.

मास्तरांनी पँट उलटसुलट केली. “हिची लांबी बरोबर आहे. तुम्ही कशाला आलात ते बोला.”

पडद्याखाली ताईची पावलं दिसत होती.

“काका, तुमची गुठळी निघून गेलीय. आतलं हाड उघडं पडलं असणार. तुम्ही काहीतरी ओढताय.”

“मी? आयुष्यात विडीला हात लावला नाही. विचारा पदवीधराला.”

“त्यांना विचारलं.”

“मग?”

“त्यांचं काय, ते तुमचेच.”

मास्तरांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. डॉक्टर बसले.

“स्ट्रॉनं काही प्यायलात?”

“मी काय शाळेत आहे?”

“चूळ भरलीत?”

“एक घोट नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून पाळलं. उद्या खापर माझ्यावर फुटायला नको.”

बोलता बोलता त्यांनी पँटचा तळ दुमडला आणि सुई घेतली. रिळाचा दोरा तोडला, टोक तोंडात घातलं आणि ओठ मिटून गाल आत ओढले. मग दोरा मिटल्या ओठांतून सावकाश बाहेर खेचला. ओला, बारीक, ताठ. सुईत पहिल्या झटक्यात गेला.

हे मी रोज बघत होतो. मशीनचा दोरा तुटला की हेच, काजाला हेच, बटणाला हेच. आपण पापणी हलवतो तसं. पण मला ते कधी दिसलंच नव्हतं.

डॉक्टरांची नजर मास्तरांच्या गालावर होती.

“बाबा,” पडद्याआडून ताई म्हणाली. “आत्ता काय केलंत?”

“सुई ओवली.”

“परत ओवा.”

“ओवलीय की.”

“दुसरी.”

मास्तरांनी पिनकुशनमधून दुसरी सुई उपसली, दोरा तोडला. टोक ओठांशी नेलं आणि हात तिथंच थांबला. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं. हळूच गालाला बोट लावलं. कापड तोकडं कापलं गेलंय हे कळल्यावर शिंपी जसा टेबलाकडे बघतो, तसं त्यांचं तोंड झालं.

“दिवसातून कितीदा होतं हे?” डॉक्टरनी विचारलं.

“मोजत कोण बसतं.”

मी थक्क झालो. त्या दुकानात कुणी मोजली नव्हती अशी एक गोष्ट होती.

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा हसले असते तर लग्न मोडलंच असतं. ते फक्त म्हणाले, “दवाखाना उघडा आहे, काका.”

मास्तरांनी मशीनवर कापड टाकलं. “पदवीधर, चल. या वेळी डोळे उघडे ठेव.”

डॉक्टरनी खड्डा धुतला आणि आत औषधाची पट्टी ठेवली. परतीच्या वाटेवरच मास्तरांचा ठणका उतरला. त्यांना ते लगेच कबूल करायचं नव्हतं. घरापाशी आल्यावर म्हणाले, “औषध बरं आहे. कंपनी चांगली असेल.”

पुढे काही दिवस सुया ओवायचं काम माझ्याकडे आलं. मला जमेना. दोऱ्याचं टोक विस्कटायचं, सुई हातातून पडायची. “एवढी पदवी घेतली आणि भोक सापडत नाही,” मास्तर म्हणत.

डॉक्टर पँट न्यायला आले तेव्हा हेच चाललं होतं. मास्तरांनी माझ्या हातातली सुई काढून त्यांच्यापुढे धरली.

“ओवा.”

डॉक्टरनी दोऱ्याचं टोक तिरकं कापलं, चिमटीत दाबलं, ओवलं. कोरडंच. मास्तरांनी सुई उजेडात धरली, दोरा दोनदा ओढून बघितला. मग ती पिनकुशनमध्ये खोचली आणि गळ्यातली टेप काढली.

“हात वर करा.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. ताई पडदा सारून दारात आली. “बाबा, कसलं माप?”

“कोटाचं.”

“म्हणजे हो?”

“माप घेतोय. माप घेतलं म्हणजे शिवलं असं होत नाही. आणि तो दात माझाच होता, हे अजून सिद्ध व्हायचंय.” दात बटणांच्या डब्यातच होता.

टेप छातीभोवती फिरली. डॉक्टरांची छाती वर आली.

“श्वास सोडा. खोटी छाती नको.”

डॉक्टरनी श्वास सोडला. मास्तरांनी आकडा वाचला. टेप दुसऱ्यांदा फिरेल म्हणून मी बघत राहिलो. डॉक्टरांचे हातही वरच होते.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि मशीनवर जाऊन बसले.