जमालच्या आईची शेगडी

शुक्रवारची सकाळ म्हणजे सुलोचनाच्या घरी घावनांची सकाळ. मस्कतला, वादी अदाईतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बिडाचा तवा एकदा चढला की दहा-बारा घावनं उतरल्याशिवाय गॅस बंद व्हायचा नाही. जनार्दन ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचा, तव्यावरचं घावन थेट ताटलीत घ्यायचा, आणि खाता खाता नावंही ठेवायचा.

"ह्याला जाळी पडली नाही गं."

"साइटवर सुईएवढं भोक दिसलं तर तुम्हाला जेवण गोड लागत नाही, आणि घावनाला मात्र भोकं हवीत!" सुलोचना म्हणाली. "घ्या मुकाट्यानं."

बाहेरच्या खोलीत प्रणाली पुस्तक उघडून बसली होती. बारावीची बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा कोण, म्हणून सुलोचना उलथनं घेऊनच वळली.

"बाबा, जमाल अंकल आला आहे," प्रणाली आत येऊन म्हणाली. तिचं मराठी असंच. मग आवाज खाली करून, "ही लुक्स व्हेरी टायर्ड."

जमाल इथलाच, शहरात कुरुमला राहायचा, सरकारी ऑफिसात होता. त्याच्या घरच्या एसीचं काम जनार्दननं केलं तेव्हापासूनची ओळख, सात वर्षांची. माणूस टापटिपीचा. आज मात्र दाढी वाढलेली, पांढऱ्या पायघोळ दिशदाशाच्या बाहीवर लाल मातीचा डाग. त्यानं हातातली गुलाबपाण्याची बाटली सुलोचनापुढं केली.

"आईनं तुमच्यासाठी काढून ठेवली होती, भाभी," तो मस्कतच्या त्या सगळ्यांच्या हिंदीत म्हणाला. मग जनार्दनकडे वळला. "जना, आई गेली. सोमवारी."

जनार्दन स्टुलावरून उठला. हाताला पीठ नव्हतं की काही नव्हतं, तरी त्यानं तो लुंगीला पुसला आणि जमालच्या खांद्यावर ठेवला. सुलोचनानं गॅस बंद केला. तव्यावरचं घावन तसंच करपत राहिलं.

"काय झालं? आजारी होत्या?"

"काही नाही रे. रात्री जेवली, थंडी फार म्हणून शेगडीत दोन लाकडं जास्त घातली, झोपली. सकाळी बहीण चहा घेऊन गेली तर..." जमालनं तळवा उताणा केला. "अल्लानं झोपेतच नेलं. आणि खरं सांगू? तुला दुवा द्यायला आलोय मी. पस्तीस वर्षं तिनं त्या डोंगरावर थंडीत कुडकुडत काढली. शेवटी तुझ्या शेगडीनं ऊब मिळाली. चेहरा बघायला हवा होतास. गाल कसे लाल! लग्नातल्या मुलीसारखे. बायका म्हणाल्या, असा चेहरा पुण्यवान माणसाचा असतो."

"गाल लाल?" जनार्दननं विचारलं.

"गुलाबी. ओठसुद्धा."

जनार्दन हळूच खाली बसला. पुढं जमाल बराच वेळ बोलत होता, पण त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही.

*

जनार्दन सावर्डेकर बावीस वर्षांचा असताना मस्कतला आला. देवरुखजवळच्या गावात पत्रेकाम शिकला होता, इथं डक्टच्या कामाला लागला. एसीची थंड हवा ज्यातून खोलीखोलीत जाते ते पत्र्याचे बोगदे कापायचे, वाकवायचे, जोडायचे. हेल्परचा फोरमन झाला तो एका गुणावर. त्यानं बंद केलेल्या सांध्यातून हवा जात नसे. बाकीचे फोरमन यंत्र लावून तपासायचे, जनार्दन अगरबत्ती पेटवायचा. खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या उंबऱ्यावरून ती सावकाश फिरवायची. धूर जरा हलला की तिथं फट. मग सिलिकॉनची पिचकारी, वर फोमची पट्टी, आणि पुन्हा अगरबत्ती. धूर काडीसारखा सरळ वर गेला की म्हणायचा, "खलास. आता मुंगीनं आत उसासा टाकला तरी बाहेर जायचा नाही."

ह्या देशात ऊन, धूळ आणि दमट वारा ह्यांना घराबाहेर ठेवणं हीच मोठी कारागिरी. तीस वर्षं जनार्दननं तेवढंच केलं. कोणाची खोली ऊबदार करायला त्याला कोणी बोलावलं नव्हतं. जमालनं बोलावलं.

जमालचं मूळ घर जबल अख्दरच्या डोंगरात, साईकच्या पठारावर. खाली मस्कतमध्ये जानेवारीत पंखा लावावा लागतो, तेव्हा वर हौदातल्या पाण्यावर पहाटे बर्फाचा पापुद्रा धरतो. जमालची आई एकटी एका खोलीत झोपायची. परातीत निखारे ठेवून शेकायची, आणि रात्रभर खोकायची. इलेक्ट्रिकचा हीटर आणला तर म्हणायची, ह्यात जाळ कुठाय? जाळ दिसल्याशिवाय हाडं मानत नाहीत.

"लाकडाची शेगडी करून दे ना जना, धूर बाहेर जाणारी," जमाल गेल्या ऑक्टोबरात म्हणाला. जनार्दनच्या डोळ्यांपुढं लगेच बंब उभा राहिला. गावाकडे न्हाणीघरात होता तो तांब्याचा, मधल्या नळीत विस्तव, वर धुराडं. तो बंब त्यानं मनातल्या मनात उघडला, पाण्याची जागा काढून टाकली, जाड पत्रा घेतला, आत भट्टीच्या विटा लावल्या. सुट्टीचे तीन शुक्रवार घालवून शेगडी केली. सुलोचनाला फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "माहेरच्या बंबाची धाकटी बहीण दिसतेय." त्याला ते फार आवडलं होतं.

नोव्हेंबरात तो वर गेला. शेगडी बसवली, धुराडं भिंतीतून बाहेर काढलं. डाळिंबाच्या छाटलेल्या फांद्या पेटवल्या, तर काय सुंदर ओढली शेगडीनं! धुराचा वाससुद्धा खोलीत नाही. म्हातारीनं त्याचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तेवढ्यावरच थांबला असता तर बरं झालं असतं. पण जुनी लाकडी खिडकी खडखडत होती, दाराखाली बोटभर फट होती, आणि छताजवळ जुन्या लोकांनी ठेवलेला वीतभर झरोका होता. अशी गळकी खोली सोडून तो कसा येणार? त्यानं गाडीतून पिचकारी आणली. संध्याकाळपर्यंत सगळं बुजवलं. अगरबत्ती फिरवली. धूर काडीसारखा सरळ.

गावाकडच्या न्हाणीघराला वर कौलं, खाली कुडाच्या भिंती, दाराला सतरा फटी. तिथल्या बंबाला हवा कुठून मिळते हे कोणाला कधी विचारावं लागलं नाही. म्हणून जनार्दनलाही ते सुचलं नाही. शेगडीला लाकडाइतकीच हवा खायला लागते. बंद खोलीतली हवा संपत आली की जाळ बसतो, निखारे धुमसतात, धुराडं ओढेनासं होतं आणि आतलं विष खोलीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपलेला असला तर कूससुद्धा बदलत नाही.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, हेच तर सगळ्यात वाईट. बारा वर्षांपूर्वी खाबुरा गावाच्या बाजूला एका साइटवर, कॅम्पातल्या खोलीत दोन गवंडी थंडी वाजते म्हणून कोळशाचं घमेलं आत घेऊन झोपले होते. सकाळी दार फोडणाऱ्यांत जनार्दन होता. दोघांचे गाल असे गुलाबी होते, की त्यानं त्यातल्या एकाला हलवून हाक मारली होती. नंतर सेफ्टीवाल्यानं सगळ्यांना बसवून समजावलं, की लाली दिसते ती त्या विषाची. जनार्दननं ते लक्षात ठेवलं होतं. पण ते घमेल्याबद्दल. आपल्या शेगडीला धुराडं आहे, म्हणजे झालं, असं तो धरून चालला.

*

"...म्हणून बहीण हट्टाला पेटलीय," जमाल सांगत होता. सुलोचनानं त्याच्यापुढं ठेवलेला चहा निवत चालला होता. "म्हणते, आईची शेगडी मला हवी. काल सगळ्यांनी मिळून उचलून तिच्याकडे बसवली, मुलं झोपतात त्या खोलीत. तीन मुलं आहेत, धाकटं दोन वर्षांचं. पण खोली तापत नाही रे. खिडक्यांतून वारा येतो. तू आईची खोली केली होतीस ना, तशी पॅक करून दे. चल, गाडी खाली आहे. संध्याकाळी परत सोडतो."

जनार्दननं सुलोचनाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला फोड करून सांगावं लागत नव्हतं. खाबुऱ्याची गोष्ट तिनं त्याच्याच तोंडून ऐकली होती.

"अहो," ती मराठीत म्हणाली, आणि जमालला संशय येऊ नये म्हणून बशी उचलायला वाकली. "बोलू नका काही. पाठ दुखते म्हणून सांगा."

"मुलं झोपतात तिथं, सुलू."

"सांगा, फटी बुजवायच्या नाहीत, शेगडी खराब होते. काहीही सांगा. ते सांगू नका."

"मी नाही गेलो तर दुसरा कोणी बुजवेल."

"आणि तुम्हाला आत टाकलं तर? पोरीची परीक्षा आहे हो. परक्या देशात मी कोणाच्या दारात उभी राहू?" तिचा आवाज फाटला. "तुम्ही मुद्दाम केलंत का? नाही ना? मग?"

"मुद्दाम नाही केलं," जनार्दन म्हणाला. "पण मीच केलं."

"क्या हुआ?" जमालनं विचारलं. "भाभी का रडतायत?"

मग जनार्दननं सांगितलं. हिंदी त्याची कामापुरती, त्यामुळे फिरवून बोलणं जमण्यासारखं नव्हतंच. आई आपल्या वेळेनं गेली नाही. खोलीत हवा उरली नाही म्हणून गेली. हवा मी बंद केली. गाल लाल होते ते त्याच्यामुळे. खाबुऱ्याला दोन माणसं अशीच मेली, मी डोळ्यांनी पाहिली. मला कळायला हवं होतं, कळलं नाही.

दारात प्रणाली उभी होती. तिला हिंदी चांगलं येत होतं. तिनं तोंडावर हात ठेवला.

जमालनं चहाचा कप बाजूला सारला. मग हसल्यासारखं करून म्हणाला, "काहीतरीच बोलतोस. डॉक्टरनं लिहिलंय, हार्ट. ऐंशीची होती."

"डॉक्टरनं खोली नाही बघितली, जमालभाई. मी येतो तुमच्याबरोबर. पोलिसांकडे चला, मी तिथं हेच सांगतो."

"पोलीस?" जमाल उठला. "आईला मातीत ठेवून आलो. तीन दिवस सगळं गाव आमच्याकडे बसून म्हणत होतं, काय मरण आलं, असं मरण आम्हाला यावं. माझ्याकडे तेवढंच आहे, जना. तेही काढून घेतोस?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर जनार्दनला बरं वाटलं असतं. "अल्लानं नेली तिला. तू कोण लागून गेलास? दोन पट्ट्या फोमच्या लावल्यास, आणि म्हणतोस मी नेली?"

"तुम्ही मला मारा हवं तर."

"का मारू? तू चांगला माणूस आहेस. तिनं तुला दुवा दिलीय." जमालनं दारातल्या चपला पायांत घातल्या. "तुला यायचं नसेल तर नको येऊ. डोंगराखाली निझव्यात एक जण आहे, उद्या येऊन फटी बुजवेल. मुलांना सर्दी झालीय."

तो जिना उतरू लागला. जनार्दन भिंतीला हात लावून तसाच उभा. कोणी शिव्या घालत नव्हतं, कोणी पकडून नेत नव्हतं, आणि कोणी खरंही मानत नव्हतं. केलेलं पाप कोणी घ्यायलाच तयार नसेल तर ते माणसानं कुठं ठेवावं? ह्यापुढं रोज सकाळी उठून कामावर जायचं, पिचकारी हातात घ्यायची, सांधे बुजवायचे. पोट त्याच्यावरच होतं.

"अहो, जा," मागून सुलोचना म्हणाली. ती ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडाशी. "आता सांगितलंतच, तर नुसते उभे काय राहिलात? तीन पोरं आहेत तिथं. जा!"

तो अनवाणी धावला. दोन जिने उतरून खाली पोचला तेव्हा जमालनं गाडी चालू केली होती. जनार्दननं काचेवर टकटक केलं. जमालनं समोर बघतच काच खाली घेतली. त्याचे डोळे आता भरून आले होते, आणि ते जनार्दनला दिसू नयेत म्हणून त्यानं मान वळवली नाही.

"यल्ला, बोल," तो म्हणाला.

जनार्दनला दम लागला होता. बोलायला बरंच काही होतं. माफीचं होतं, आईचं होतं, तिनं हात कपाळाला लावले त्या दुपारचं होतं. त्यातलं काही बोलण्याचा हक्क आपल्याला उरला नाही हे त्याला कळत होतं. त्यानं गाडीच्या दाराची कड दोन्ही हातांनी धरली.

"जमालभाई, बहिणीला सांगा, शेगडी पेटलेली असेल तोवर खोलीची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा."